राखाडी अॅप्रनमधली ती

शिंप्याची सून आली ती बाळाला खांद्यावर टाकून, आणि खुर्चीत बसण्याआधीच म्हणाली, "ती मी नाही."

"आधी बसा," बाई म्हणाल्या. "कोण तुम्ही नाही?"

लोकांच्या घरातली कोडी सोडवून देणाऱ्या या गृहिणीला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. त्यांचे यजमान म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक, 'मास्तर'. तपासात मास्तरांचं काम दोनच गोष्टी करायचं: पाणी आणून देणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं.

सुनेनं सांगायला सुरुवात केली. घरचाच शिवणकामाचा धंदा, खाली दुकान, वर घर. सासरे बेततात, नवरा मशीनवर. हातशिलाई आणि काजं-बटणं सासूबाईंची. नणंद गिऱ्हाईक सांभाळते, आणि बाळातून सवड मिळेल तशी सून दुरुस्त्या करते. ऑर्डरी घ्यायला एक टॅबलेट आहे, तो सगळ्यांच्याच हाताखालचा. त्यात नवऱ्याला एका परक्या पुरुषाशी चाललेल्या गप्पा सापडल्या.

"काय होतं त्यात?"

"'दिवसभर बोलायला कुणी नाही. बाळ झोपलं की घर खायला उठतं. तुमचा निरोप दिसला की बरं वाटतं.'" सुनेनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "बाळ माझं, म्हणजे ती बाई मीच! हे आता दुकानात झोपतात. म्हणाले, रविवारी तुला माहेरी सोडून येतो. लाजेनं घरात कुणाला बोलले नाहीत, तेवढंच नशीब."

तिनं दोन फोटो पुढे केले. एका फोटोत देखणा माणूस, मागे जहाज. अंगात पांढरा शर्ट, त्याच्या उजव्या बाजूच्या खिशात पेन. "कप्तान म्हणे. बायको वारलीय."

दुसरा फोटो त्या बाईनं कप्तानाला पाठवलेला. चेहरा नाही, नुसता गळ्यापासून खालचा राखाडी अॅप्रन. छातीवर टाचण्यांची रांग, आणि शेजारी खोचलेल्या पाचसहा सुया, रंगीत दोरे लोंबणाऱ्या.

"अॅप्रन कुणाचा?"

"काय सांगू! आम्हा तिघींचे एकाच ताग्यातले."

शेवटचा निरोप कप्तानाचा होता, कालचा. 'तुझ्यासाठी पाठवलेलं पार्सल बंदरात अडकलंय. उद्या भरणा करून सोडवून घे.'

बाई ताडकन उठल्या. "मास्तर, तुम्हाला कोट शिवायचाय."

"मला? या उकाड्यात?"

"चला म्हणते ना!"

दुकानात नणंद खिडकीपाशी बसून एकामागून एक सुया ओवत होती. कानात फोनची बोंडं, गालावर हसू. मास्तरांनी बाईंना कोपरानं ढोसलं.

"कुणाशी एवढं?" बाईंनी सहज विचारलं.

"मैत्रिणीशी. रोजचंच आहे, सुया ओवून होईपर्यंत गप्पा." ओवलेल्या सुया तिनं आईसमोर ठेवल्या.

सासूबाईंच्या मांडीवर टॅबलेट होता. बाईंना पाहून त्यांनी तो पालथा घातला.

"यावर नव्या ओळखी होतात म्हणे," बाई म्हणाल्या.

"मेलं, मला कुठलं कळतंय त्यातलं!"

सासरे मास्तरांची छाती मोजत होते. मास्तरांनी हवापाण्याच्या गप्पा काढल्या, तर उत्तर आलं, "हं."

"ते असेच," सासूबाई म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हापासून तोंडात टाचण्या."

एवढ्यात बाळ रडलं. सून कमरेला टेप अडकवून उभी होती. नवऱ्यानं तिच्याकडे न बघताच टाचण्या पुढे केल्या, "खोचून घे, बाही लावायचीय." तिनं मान हलवली, त्या डबीत टाकल्या, डबी उंच फळीवर ठेवली आणि मगच बाळाला छातीशी घेतलं.

"वहिनीचं हे खूळ," नणंद हसली. "पोर झाल्यापासून अंगावर एक टाचणी नाही."

बाईंनी मोजमाप थांबवलं आणि सुनेच्या नवऱ्याकडे वळल्या. "दादा, शटर अर्धं ओढा. सगळ्यांशी थोडं बोलायचंय."

मास्तर कुजबुजले, "नणंद ना?"

"तुमचा कोट राहिलाच," बाई म्हणाल्या आणि दुसरा फोटो सर्वांपुढे धरला. नवऱ्याचा चेहरा पडला.

"दादा, ही तुमची बायको असं तुम्ही ठरवलंत. पण बाळाला टोचेल म्हणून जी अंगाला टाचणी लावत नाही, तिच्या छातीवर ही अख्खी रांग कशी? आता राहिल्या दोघी. या सुया आधीच ओवलेल्या आहेत, रंगारंगाच्या. जिला नीट दिसतं ती हवी तेव्हा एक ओवते. इतक्या आधी ओवून ठेवाव्या लागतात त्या जिला सुईचं नेढं दिसत नाही तिच्यासाठी."

सासूबाईंच्या बोटातलं अंगुस्तान खाली पडून घरंगळत गेलं.

"वाईट काही नव्हतं मनात," त्या म्हणाल्या. "विचारायचे, जेवलीस का. एवढंच. सूनबाई, तुझ्यावर आळ आलाय हे ठाऊक असतं तर मी पहिल्यांदा बोलले असते गं."

"आजच भरणा करणार होतात?" बाईंनी हळूच विचारलं.

"दुपारी. माणूस चांगला आहे हो."

बाईंनी पहिला फोटो सासऱ्यांकडे दिला. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला. मग तोंडातल्या टाचण्या तळहातावर घेतल्या.

"हा कुणी शिवला? खिसा उजवीकडे, उजवी पट्टी डावीवर! पुरुषाचा शर्ट असा नसतो."

"शिवणाराचा दोष नाही. फोटो आरशासारखा उलटवलाय. दुसऱ्या कुणाचा उचललेला, मूळ माणूस सापडू नये म्हणून. कप्तान नाही, पार्सल नाही. पैसे मात्र खरे गेले असते."

सासूबाईंनी फोटो पाहिला आणि कपाळावर हात मारला. "जन्मभर बटणं लावली, आणि हे दिसलं नाही मला!"

"त्या टॅबलेटातले निरोप पुसू नका," बाई म्हणाल्या. "पोलिसांना दाखवू. लाज त्याला वाटायला हवी, तुम्हाला नाही."

नवरा सुनेसमोर उभा राहिला. "चुकलो. विचारायला तरी हवं होतं तुला."

"रविवारी सोडताय ना माहेरी?"

"सोडतो कसला! दे बाळाला इकडे."

सून त्याच्याकडे बघत राहिली. अजून राग होता, पण उरावरचं ओझं उतरलं होतं. "आधी कॉलरच्या टाचण्या काढा."

त्यानं त्या मुकाट्यानं काढल्या, एकेक करून.

पलीकडे सासऱ्यांनी तळहातावरच्या टाचण्या सुयांच्या उशीला टोचल्या, स्टूल ओढलं आणि बायकोसमोर बसले.

"बोल."

"आता काय बोलू?"

"त्याला सांगायचीस तेच." त्यांनी छातीवर थाप मारली. "हा बघ, माझा खिसा डावीकडेच आहे. आणि हो, जेवलीस का?"