मेणाचा हात

बेसबॉल क्लबातली निवड रविवारवर आली आणि विनीताच्या सिंगापुरातल्या, चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर मेणाचं भांडं मुक्कामालाच आलं. विनीता हातांची फिजिओथेरपिस्ट. आखडलेला हात वितळलेल्या मेणात बुडवायचा, थर चढू द्यायचे, टॉवेलात गुंडाळून ठेवायचा आणि मग तो थर हातमोज्यासारखा अलगद सोलायचा, हे तिचं रोजचं काम. सध्या घरचा पेशंट तिची मुलगी जाई होती. बेसबॉलमधली कॅचर, फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारी. सुट्टीत तिच्या उजव्या हाताचं एक बोट दुखावलं होतं. निवड हुकली तर वर्ष वाया, हे ती उठता-बसता ऐकवत होती.

"आज कोचने टोबायसची गोष्ट सांगितली," टॉवेलात हात ठेवून जाई म्हणाली. "खूप जुना कॅचर. सगळे ग्लोव्ह घालायला लागले, हा नाही. बेअर हँड. क्रेझी ला."

"मग?"

"टीमचं जहाज सिंगापूरला थांबलं. हा डेकवर उभा राहून म्हणाला, वर डोलकाठीवरून बॉल टाका, झेलतो."

"झेलला?"

"कुठला! सगळी बोटं मोडली. जहाज ह्याला इथेच सोडून गेलं. हात गेलेला कॅचर कोणाला हवाय, आई?"

विनीताने मेण सोललं. सूज उतरली होती. जाई बॅग उचलून "बाय" म्हणाली.

"येते म्हणावं," विनीता सवयीने म्हणाली.

मंगळवारी मरीन परेडच्या क्लिनिकमध्ये, मदतनीस मीनल जेवायला गेलेली असताना, एक उंच गोरा म्हातारा आत आला. बाहेर रणरणतं ऊन, आणि याच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. अंगाला डांबर लावलेल्या दोरखंडाचा वास होता. त्याने न बोलता उजवा हात टेबलावर ठेवला. अंगठा सोडून चारही बोटं मोडून वेडीवाकडी जुळली होती. हात थंडगार होता.

विनीताला जाईची गोष्ट आठवली. ती तिने बाजूला सारली. हात मोडलेली म्हातारी माणसं जगात पुष्कळ असतात.

मेण सोलताना तो इंग्रजीत म्हणाला, "या हातावर कधी ग्लोव्ह चढला नव्हता."

दाराशी विनीता त्याला इंग्रजीतच म्हणाली, "या परत." दवाखान्यात असं कोण म्हणतं, म्हणून मीनल तिला नेहमी चिडवायची. पण कोणाला नुसतं 'जा' म्हणणं विनीताच्या तोंडी बसलंच नव्हतं.

म्हातारा वळला. "मला बोलावताय?"

"हो."

"इतक्या वर्षांत कोणी बोलावलं नाही."

शुक्रवारी तो आला तेव्हा दोन बोटं सरळ होती. विनीताने सांधे दाबून पाहिले. हाडं अशी सरळ होत नसतात. तिने हात मेणात बुडवला, गुंडाळला, आणि सोललेलं मेण ट्रेमध्ये ठेवलं.

"मुलीचं बोट आता दुखणार नाही," तो म्हणाला.

मुलीचं नाव तिने काढलं नव्हतं.

तो उठला, दारापाशी गेला आणि उभा राहिला. हलेना. वाट पाहत राहिला. तो जावा म्हणून, केवळ त्यासाठी, ती म्हणाली, "या."

तो गेला. मीनल आत आली. "एकटीच कोणाशी बोलत होतीस गं?" मग ट्रेकडे पाहून, "आणि हा कोणाचा हात?"

रविवारी सकाळी जाई आपणहून टेबलाशी येऊन बसली.

"दुखतंय?"

"अजिबात नाही."

"ग्लोव्ह घेतलास ना?"

"चूटमध्ये टाकला. नको वाटतो हाताला."

"कचऱ्यात? वेड लागलंय का तुला?"

जाई हसली. विनीताने तिचा हात हातात घेतला. बोटं सरळ होती. हात थंडगार होता. तिने तो मेणात बुडवला, पुन्हा बुडवला, गुंडाळला. टॉवेल उघडला तेव्हा डांबराचा वास आला.

तिने मेण सोललं.

सोललेला मेणाचा हात रुंद होता. जाईच्या हाताच्या दुप्पट. त्याची चार बोटं मोडकी होती.

समोर जाई आपली सरळ, कोवळी बोटं उघडून मिटून पाहत होती. तिने बॅग उचलली, दार उघडलं आणि तिथेच उभी राहिली.

"उशीर होईल," विनीता म्हणाली.

"मग म्हण ना."

"काय म्हणू?"

"या परत."

बाहेर लिफ्ट आली, उघडली, निघून गेली. जाई दारात वाट पाहत होती. विनीताने ओठ घट्ट मिटून घेतले. तिच्या तळहातावरचं मेण अजून कोमट होतं, आणि त्याची मोडकी बोटं, चेंडू हातात आल्यासारखी, सावकाश आत वळत होती.