वत्सला की वच्छला

"वत्सला नाही जी, वच्छला. अर्धा च अन् मग छ."

नर्सच्या टेबलावर वाकून पुठ्ठ्यावर बाळाचं नाव लिहीत असलेल्या शामलाचा हात थबकला. तिनं वळून पाहिलं. राखी स्वेटर, गळ्यात मफलर, एका हातात पितळी डबा... डोळे प्रवासानं लाल झालेले, पण नजर मात्र पुठ्ठ्यावर खिळलेली.

"तुम्ही कोण?" तिनं जरा फणकाऱ्यानंच विचारलं.

"श्रीधर. रुपरावचा मावसभाऊ. आत्ताच बल्लारपूरहून येऊन राहिलो." तो किंचित हसला. "अन् तुमी वहिनीच्या बहीण. नाक तेच आहे — रागात वर जाणारं."

शामलानं नकळत नाकाला हात लावला आणि लगेच खाली घेतला. एरवी तिला हसू आलं असतं. पण आतल्या खोलीत, काचेच्या पेटीत, पिवळ्या बल्बच्या उबेला तिची भाची निजली होती — आठव्या महिन्यातच आलेली, पोपटाच्या पिलाएवढी. आणि वॉर्डात बाळाची आई, प्रेमिलाताई, तापानं फणफणत पडली होती. भाऊजी रुपराव रेल्वेत. ड्यूटीवर कटनीकडे गेलेले. तार केली होती, पण ते कधी पोचतील कुणास ठाऊक.

प्रेमिलाताईचं पहिलं बाळ बारशाआधीच गेलं होतं. या खेपेला तिनं शामलाचा हात घट्ट धरला होता. "मागचीले नावच नव्हतं वं, शामे. रडतानाही कोनाले हाक मारू, मले समजे ना. हिचं नाव आत्ताच ठेव. सासूबाईचं ठेव." एवढं बोलून तिला ग्लानी आली.

सासूबाईंचं नाव. त्या तर केव्हाच वारल्या होत्या. शामला महाल भागातल्या शाळेत शिकवायची. तिच्या लेखी शुद्ध नाव एकच, वत्सला.

"वच्छला लिहिलं तर शाळेत पोरं वच्छी-वच्छी करून रडवतील तिला," ती म्हणाली. "मी रोज ऐकते ना!"

"अन् वत्सला लिहिलं तर मोठीआई, रुपरावची माय, वळूनही पाहनार नाही." त्यानं डबा खाली ठेवला. "माय गेली तवा मी रांगत होतो. तिनंच वाढवलं मले. सारी वस्ती तिले वच्छलाबाई म्हने. वत्सला कोन, मले माहीत नाही जी."

शामलानं पेन मिटलं. "ताई जागी झाली की विचारू."

"विचारू." मग हळूच, "तवर भांडत बसायचं का?"

"तुमची मर्जी!" ती म्हणाली, आणि या अशा जागी आपल्याला हसू आलं म्हणून तिची तीच घाबरली.

दुपार उतरली. डिसेंबरचा गारठा फरशीतून पायात चढू लागला. दोघं काचेपलीकडे पाहत उभी होती. बाळाची छाती वर जायची, खाली यायची... मध्येच थांबल्यासारखी व्हायची. तेवढ्यात शामलाचाही श्वास थांबायचा. एकदा तिनं चोरून शेजारी पाहिलं — त्याचाही थांबला होता.

आणि एकाएकी बल्ब विझला.

खोली, व्हरांडा, सगळीकडची वीज गेली. सिस्टर धावत आली, तिनं पेटीवर हात ठेवला. "पेटी गार पडेल. आईला ताप आहे, तिच्याजवळ देता येत नाही. कोण घेतं हिला अंगाशी?"

"मी..." शामला म्हणाली खरी. पण तिला वाटलं, आपल्या हातात काही झालं तर? ताईला काय तोंड दाखवायचं?

सिस्टरनं पडदा ओढला. ब्लाउजच्या वरच्या गुंड्या सोडून बाळ तिच्या उघड्या छातीशी ठेवलं, वरून शाल गुंडाळली. केवढं ते गार अंग! ओल्या पानासारखं. पडद्याबाहेरून श्रीधरचा आवाज आला, "गरम पानी आनतो!" आणि पावलं धडधडत जिना उतरून गेली.

वेळ जाता जाईना. शामला कान देऊन बसली होती. इवलासा श्वास तिच्या कातडीला लागत होता. लागत होता... आणि मग लागेना.

"सिस्टर!"

सिस्टर दुसऱ्या पेटीतलं बाळ कुणाच्या तरी मांडीवर देत होती. "आलेच! तळपाय चोळा! बोलत राहा तिच्याशी!"

शामला ते चिमुकले पाय चोळू लागली. तोंडाला कोरड पडली होती. आणि त्या कोरड्या तोंडातून निघालं ते शाळेतलं शुद्ध नाव नव्हतंच.

"वच्छे! ए वच्छले! ऊठ वं माय... वच्छे!"

सिस्टरनं येऊन तळव्यावर टिचकी मारली. एकदा. पुन्हा. शामलाच्या छातीवर काहीतरी आखडलं, हललं — आणि मांजरीच्या पिलासारखा बारीक, चिडका आवाज निघाला. तो थांबेचना.

पडद्याच्या फटीतून रबरी पिशवी धरलेला एक हात आत आला. "आहे ना?" पलीकडून कसाबसा आवाज आला.

"आहे." शामला हुंदके देत म्हणाली. "ऐका ना, रडून राहिली."

तिनं पिशवी घेतली. तो हात क्षणभर तसाच राहिला. शामलानं तो धरला... आणि कुणीच सोडला नाही, वीज येईपर्यंत.

सकाळी प्रेमिलाताईचा ताप उतरला. श्रीधर तिच्या खाटेशी जाऊन म्हणाला, "वहिनी, वत्सला लिवा. पोरगी शाळेत जाईन, शुद्ध नाव पाहिजे."

"नाही ताई, वच्छला!" शामला म्हणाली.

प्रेमिलाताईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "काल तर उलटं होतं म्हने? सिस्टर सांगत होत्या." दोघंही खाली पाहू लागली. "वच्छलाच ठेवा. मले सहज बोलता येते."

बाळ हळूहळू बाळसं धरू लागलं. रुपराव आले. श्रीधरची रजा संपली. दवाखान्याच्या फाटकाशी शामला त्याला पोचवायला आली, ती कुणी पाहिलं तर काय म्हणून मागे-पुढे बघतच. येत्या रविवारी अमरावतीचं स्थळ तिला पाहायला येणार होतं. वडिलांनी होकार देऊन टाकला होता, आणि वडिलांसमोर घरात कुणाचा आवाज निघत नसे. तिनं हे सगळं एका दमात सांगून टाकलं.

श्रीधरनं मफलरची दशी ओढून तोडली.

"मी शनिवारी येतो. तुमच्या बाबांपाशी बसतो."

"ते फार रागावतील. हाकलून देतील."

"देऊ द्या. त्याची भीती नाही वाटत."

"मग... कशाची वाटते?"

"त्या दिवशी तो हात धरला, तो फक्त घाबरून धरला असन, तर..."

शामलानं वर पाहिलं. वडिलांचा चेहरा, रविवार, सगळं डोळ्यापुढे फिरत होतं. "धरला घाबरूनच होता," ती म्हणाली. "पण सोडला नाही, तेव्हा घाबरले नव्हते."

मग सायकलरिक्षात बसता बसता तो, पहिल्यांदाच तोंडातलं मानाचं 'जी' सोडून, अगदी घरच्यासारखं म्हणाला —

"येतो वं, शामला."

"शनिवारी सकाळीच या," ती म्हणाली. "बाबा घरी असतात. मी... मी दारातच असेन."