फियाटचा पोचा

"सोडायचं नाही! भगवंतकाकांना मुळीच सोडायचं नाही!" जुईने दातओठ खाल्ले.

"अगं, हळू!" तिचा मित्र मयूर कुजबुजला. "व्हरांड्यातच बसलेत ते."

"बसू देत!"

राग यायलाच हवा होता. दिवाळीची सुट्टी, सिल्वासाच्या कंपनी कॉलनीतले मोकळे रस्ते आणि जुईची लाल सायकल शेजारच्या भगवंतकाकांच्या कुलपात! त्यांच्या जुन्या पांढऱ्या फियाटच्या मागच्या मडगार्डला पोचा आला होता. पोच्यात लाल डाग, आणि कॉलनीत लाल सायकल एकच. झालं! काकांनी तिला सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलं. बाबांनीही तिलाच माफी मागायला लावली. न केलेल्या गुन्ह्याची माफी!

त्यात काका एक नंबरचे चिक्कू. "फुकटात पोचा काढून दे आणि सायकल ने," असं त्यांनी फर्मावलं होतं. शिवाय ताकीद, "तोवर गाडीला फडकं लावायचं नाही. पुरावा आहे तो!"

जुईने भावेशला गाठलं. दादऱ्याच्या रस्त्यावर त्याच्या पप्पांचं गॅरेज होतं. तो लाकडी हातोडा घेऊनच आला.

"डिक्कीतून गोणपाट लावून हळूहळू ठोकायचं. पत्रा येतो बाहेर," तो म्हणाला. "पण पहेला धोवानुं हां! धूळ राहिली तर रंगाला चरे पडतात."

जुईने डागाच्या कडेला ओलं फडकं घासलं. डाग चक्क विरघळला! फडकं तांबडं झालं.

"सायकलचा रंग कधी पाण्याने जातो का?" मयूर ओरडला.

जुईने फडकं हुंगलं. ओल्या मातीचा वास! गेरू! तुळशीच्या लग्नासाठी कॉलनीतल्या मंजुळाबाईंनी अंगणाच्या कोपऱ्यातलं वृंदावन गेरूने रंगवलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी ते फुटलं होतं. "बैलाने धडक दिली, मी पाहिलं," असं सांगणारे कोण? भगवंतकाकाच!

"चल, सांगून टाकू!" भावेश निघालाच.

"थांब. मला त्यांनी सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलंय. आता त्यांची पाळीही सगळ्यांसमोरच!"

उरलेला डाग तिने तसाच ठेवला. संध्याकाळी मोठी माणसं अंगणात जमली, तेव्हा तिने अगदी गोड आवाजात विचारलं, "काका, पोचा काढायचाय. आधी पुरावा पुसू का?"

"पूस, पूस! चांगली अद्दल घडली तुला!"

जुईने डाग पुसला. मग फडक्याचं दुसरं टोक वृंदावनावर घासलं आणि दोन्ही टोकं उंच धरली. रंग एकच!

"काका," भावेशने विचारलं, "बैलाकडे फियाट होती का?"

हशा पिकला. मंजुळाबाई मात्र पदर खोचून पुढे आल्या. "माझ्या तुळशीले ठोकलं तुम्ही, आन् आळ घेतला या पोरीवर? लाज नाही वाटत?"

"ते... रिव्हर्स घेताना दिसलं नाही..." काकांची बोबडी वळली. त्यांनी कुलपाची किल्ली पुढे केली.

जुईने हात पुढे केला नाही. "आधी माफी!"

"चुकलो," काका पुटपुटले.

"मागे ऐकू नाही आलं!" जुईने बजावलं.

"चुकलो मी! जुईची चूक नव्हती!"

बाबांनी जुईच्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास पोरी! तुझं ऐकून न घेता माफी मागायला लावली, माझंही चुकलंच."

बाबांना जुईने लगेच माफ केलं. दुसऱ्या दिवशी भगवंतकाका इस्त्रीच्या बुशशर्टात उकिडवे बसून वृंदावन लिंपत होते, आणि मंजुळाबाई त्यांना तीच भिंत तिसऱ्यांदा लिंपायला लावत होत्या. जुईला त्यांची मुळीच दया आली नाही.