भालदाराने पुकारलेली जोडी

"चष्मा काढ," बोहुमिला म्हणाली.

"अगं बाई, मग यादी वाचू कशी? नाकाने?" ओल्द्रिख वैतागला.

"बाराव्या शतकात चष्मे नव्हते. एकवीस वर्षं भालदारी करतोयस, नावं तोंडपाठ असतील की!"

वेल्हार्तोवच्या गडावर दर जूनमध्ये मोराव्हिया प्रांतभरची हौशी मंडळी जमायची आणि तीन दिवस बाराव्या शतकातले सरदार-सरदारणी होऊन राहायची. मिरवणूक आणि पंगत, दोन्ही बोहुमिलाच्या गळ्यात. नियमही तिचेच, आणि कडक. भालदाराने पंगतीच्या दालनाच्या दाराशी जोडीजोडीने नावं पुकारायची, तशीच जोडी आत येणार. जेवण उरकलं की पुन्हा पुकारा, पुन्हा जोडीनेच बाहेर. पुकारल्याशिवाय बाकावरून उठायचं नाही म्हणजे नाही.

यंदा तिला घोर होता तो मैत्रीण व्लास्ताचा. व्लास्ताचा नवरा लुबोर हिवाळ्यात गेला, तेव्हापासून तिने घराचा उंबरा ओलांडला नव्हता. बोहुमिलाने हातापाया पडून तिला आणलं होतं. "शेवटी एकटी चाल, कोणी काही बोलणार नाही," असं कबूल केलं होतं. यादीतलं लुबोरचं नावही तिने स्वतःच खोडलं होतं.

भर दुपारी मिरवणूक दाराशी आली. ओल्द्रिखने खणखणीत आवाजात पाठ म्हणायला सुरुवात केली आणि शेवटी सवयीने तो ओरडला, "सरदार लुबोर आणि व्लास्ता!"

बाकांवरच्या माना दाराकडे वळल्या. बोहुमिलाने कपाळावर हात मारला. मेल्या, काय केलंस हे!

पण व्लास्ता रडली नाही. सरदाराच्या हातावर ठेवतात तसा उजवा हात खांद्याइतका उचलून ती सावकाश आत आली. तिच्या कापडी जोड्यांचा फरशीवर आवाज होत नव्हता. तरी पावलं ऐकू येत होती.

पुकारलेल्याला वाढायचं, हाही नियमच. बोहुमिलाने व्लास्ताच्या शेजारच्या रिकाम्या जागेपुढे ताट म्हणून पावाची जाड, शिळी चकती ठेवली आणि वर भाजलेलं डुकराचं मांस वाढलं.

"त्याला मोहरीची चटणी लागते गं," व्लास्ता म्हणाली. कित्येक महिन्यांनी ती हसत होती.

बोहुमिला चटणी घेऊन आली तोवर मांस अर्धं झालं होतं.

"तू खाल्लंस?"

"मी कधी मांस खाते का?" मग व्लास्ताने तिचा हात धरला. "जाताना आम्हाला एकत्रच पुकारा हं. मी जाते आता त्याच्याबरोबर."

"कुठे?"

व्लास्ताने चटणी शेजारच्या ताटात वाढली.  बोहुमिला तडक दाराशी गेली.

"ओल्द्रिख, शेवटी एकट्या व्लास्ताला पुकार. लुबोरचं नाव घेशील तर बघ!"

"चुकलं गं मघाशी माझं," तो ओशाळून म्हणाला.

आणि जेवण उरकल्यावर त्याने शेवटी एकट्या व्लास्ताला पुकारलं. ती उठली, कारण नियम तो नियम. दाराशी मात्र तिचा बांध फुटला. "तो तिथेच राहिला, बोहुमिला! पुकारल्याशिवाय नाही उठायचा तो. तुझीच शिस्त ना?"

तिच्या बहिणीने तिला गाडीत घालून घरी नेलं. सुटली बाई, असं बोहुमिलाला वाटलं. ओल्द्रिखही गेला. दालनाला कुलूप घालायचं तेवढं बाकी होतं.

ते तिच्याने घालवेना.

जिवंत असताना लुबोर चिलखत आणि लोखंडी हातमोजे घालून शेवटच्या जोडीपर्यंत मुकाट बसून राहायचा. कधी कुरकुर नाही. अशा माणसाला कोंडून जायचं?

"लुबोर," ती दारातून म्हणाली. "जा रे बाबा आता."

काही हललं नाही.

जोडीने आलेला तो. एकट्याच्या नावावर कसा उठेल?

तिने भालदारासारखा आवाज चढवला.

"सरदार लुबोर आणि बोहुमिला."

बाक करकरला.

तिने डोळे मिटले आणि उजवा हात खांद्याइतका उचलला. पावलं जवळ येऊन थांबली. तिच्या बोटांखाली लोखंडी कड्यांचा हातमोजा आला.

तो कोमट होता.