काकवीवाले दादा

मी गुऱ्हाळावरून लाइव्ह करत होते, आणि ऐन वेळी कॅमेऱ्यासमोर कोण आडवं यावं? एक उंच, उन्हानं रापलेला पोरगा, हातात स्टीलची बरणी!

"आवं ताई, काकवी मिळंल का?"

"दिसत न्हाई का, लाइव्ह चाललंय! आणि ताई कुणाला म्हणता?"

"बरं... मग काय म्हणू?"

रसाच्या काहिलीभोवतीचे गडी फिदीफिदी हसले. मी संयोगिता, कुंडल गावच्या आमच्या गूळ बनवणाऱ्या गटाचं पेज सांभाळते. आणि हा अमृत, शेजारच्या गावचा फौजी, सुट्टीवर आलेला. रोज उकळता रस दाखवला तरी पेजवर कुत्रं फिरकत नव्हतं. या बाबाचं तोंड दिसलं आणि कमेंटींचा पाऊस! 'काकवीवाले दादा परत कधी?' ऑर्डरीही आल्या. गटाचे अध्यक्ष दादासो म्हणाले, "त्यालाच घे गं रोज."

घेतलं. तो गरम गूळ चाखायचा, मी शूट करायची. "कसा झालाय?" विचारलं की माझ्याकडं बघत म्हणायचा, "लय ग्वाड."

"कॅमेऱ्यात बघा की!"

"बघतोय की..."

मेला! शूट पुन्हा घ्यावं लागायचं.

सुट्टी संपली, तो गेला. थोड्या दिवसांनी फोन आला. आवाज पडलेला.

"ते व्हिडिओ काढून टाकशील? सायबांनी बघितलं. आमाला असं मिरवायची परवानगी न्हाई. नोकरीवर गदा येईल."

"मग आधी का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर... तू बोलावलं नसतंस."

दादासोंना सांगितलं, तर ते उखडलेच. "आगं, सगळ्या ऑर्डरी त्याच्यावरच येत्यात! आपल्याच पायावर धोंडा मारतीस व्हय?"

"दादासो, त्याची नोकरी हाय."

त्यांनी ऑर्डरींची वही मिटली. मग म्हणाले, "पूस."

एकेक व्हिडिओ पुसण्याआधी मी बघत होते. जीव नुसता तुटत होता. लोक विचारत राहिले, 'दादा कुठे गेले?' मी पेजवरून उत्तर द्यायची, 'दादा कामावर रुजू झाले. ताजी काकवी उपलब्ध आहे.' कसलं कोरडं उत्तर ते! मला तर तोच प्रश्न दिवसभर पडलेला असायचा.

रविवारी पुन्हा फोन.

"पुसलंस?"

"व्हय."

"समदं?"

"पेजवरचं समदं... एक माझ्या फोनात ठेवलाय. त्यात तुम्ही गुळाबद्दल काहीच बोलत न्हाई. नुसतं बघताय."

"कुनाकडं?"

"माहीत असून विचारता व्हय?"

पलीकडं तो हसला.

"संयोगिता... पुढच्या सुट्टीला आईला घिऊन तुमच्या घरी यू का?"

"या... पण लवकर या. तुमच्यावाचून मला करमत न्हाई वो."