खंडेनवमीची बॅच

लेपनकक्षात येताना घामसुद्धा दाराबाहेर पुसून यायचा, असा नियम होता. हवेत जरा ओल शिरली की फिल्म बिघडते. रंजना ठवकर हा नियम नव्या मुलींना इतक्यांदा ऐकवायची, की त्या पाठीमागे तिला ‘कोरडी काकू’ म्हणत.

नागपूरजवळच्या त्या कारखान्यातली तपकिरी फिल्म आता दुकानांच्या शटरवर, एसटीच्या टपावर, अगदी छत्र्यांवरही दिसे. ऊन पडलं की वीज! करायची रीत ऐकायला सोपी. शिशाचे क्षार विद्रावकात विरघळवायचे, ते द्रावण प्लॅस्टिकवर पातळ पसरायचं, आणि विद्रावक उडून गेला की मागे स्फटिकांचा थर उरतो. गोम सगळी त्या उडून जाण्यात. जुना विद्रावक कामगारांच्या यकृताची वाट लावायचा, म्हणून शास्त्रज्ञ केतकी पिंपळापुरे यांनी वनस्पतींपासून काढलेला नवा आणला. तो निरुपद्रवी, पण भलताच घाईचा. चटकन उडायचा आणि फिल्मला बारीक भोकं पडायची. केतकी मॅडम वर्षभर डोकं आपटत होत्या.

मग खंडेनवमी आली. रंजनाने आधी वीस वर्षं लेथवर काढलेली. मशीनची पूजा चुकली असं एकही वर्ष नव्हतं. कॅमेऱ्याकडे पाठ करून तिने लेपनयंत्राला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि तांब्यातलं पाणी चौफेर शिंपडलं. त्या दिवशी फिल्म निघाली ती आरशासारखी. एक भोक असेल तर शपथ!

मॅडम नाचायच्याच बाकी होत्या. "काय केलंत हो रंजनाताई आज?"

"काही नाही न मॅडम. रोजचंच."

खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. देवीची कृपा म्हणत तिने त्या फिल्मची एक पट्टी घरी नेऊन देवघरात ठेवली. बॅच मेळघाटातल्या एका आरोग्य उपकेंद्राच्या छतावर गेली. तिथे तिची लेक पल्लवी नर्स होती. रंजनाला कोण आनंद झाला!

मार्चमध्ये जेवणाच्या सुट्टीत पल्लवीचा व्हिडिओ कॉल आला. तिला सातवा महिना लागला होता. "आई, हे बघ. तुझी फिल्म कडेने पिवळी पडतेय."

देवघरातली पट्टीही अशीच पिवळी झाली होती, डिसेंबरातच. रंजनाला वाटलं, हळद लागली. दोनदा पुसली, निघाली नाही, आणि तिने नाद सोडला.

ती तडक मॅडमच्या खोलीत गेली आणि तांब्यासकट सगळं सांगून टाकलं. "मला काढा कामावरून. पण ती एवढी बॅच परत आणा."

केतकी रागावल्या नाहीत. चेहरा मात्र पांढराफटक पडला. "त्या दिवशी ओल वाढली होती, हे मला नोंदींत दिसलं होतं. ओलीमुळे विद्रावक सावकाश उडतो, स्फटिक नीट वाढतात. ओल कुठून आली, हे मी खोदून विचारलंच नाही. नोव्हेंबरपासून आपण यंत्राच्या आत मुद्दाम वाफ सोडतोय. प्रत्येक बॅचला."

"मग हे पिवळं?"

"थोडं पाणी आत अडकून राहतं आणि हळूहळू स्फटिक फोडतं. पिवळं दिसतं ते शिशाचं आयोडाइड. कडेचं सील सुटलं की पावसात धुऊन येतं. पोटातल्या बाळांच्या मेंदूला शिसं फार वाईट." त्यांचा आवाज चिरकला. "टिकाऊपणाच्या चाचणीत आम्ही फक्त दहा दिवस भट्टीत तापवून पास केलं हो. तुमची ती पट्टी मला डिसेंबरात दिसली असती तर..."

"अशी किती छतं?"

"अकरा हजारांवर."

रंजनाने तिथेच उभ्याउभ्या पल्लवीला फोन लावला. "पल्लू, तिकडे अवकाळी झाला का गं?"

"झाला ना, तीन-चारदा. बरंच झालं. हातपंप आटलाय, म्हणून छताचं पाणी टाकीत धरलं. मी तेच पिते, गरोदर बायकांनाही तेच देतो. उकळून हं!"

उकळून शिसं जात नाही, हे कारखान्याच्या सुरक्षावर्गात रंजनाच नव्या मुलींना शिकवायची.

"आई? अगं बोल ना. उकळलं की चालतं ना?"