फळ्यावरचे चौसष्ट

आमच्या खोलीत येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "किती वेळ लागेल?"

जुन्या डिस्कमधली माहिती नव्या साठवणीत उतरवून देणं हे आमचं काम. नवी साठवण तळमजल्यावर, फायबरच्या पलीकडच्या टोकाला. फायबरचा वेग मोजतात बिटांत, जुन्या डिस्कचा बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट, एवढंच काय ते नातं, पण त्या दोघांची सोयरीक जुळवताना भलेभले चुकतात. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. फळ्याच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे एकाने गणित करायचं, उजवीकडे दुसऱ्याने, एकमेकांचं न बघता. उत्तरं जुळली तरच बटण दाबायचं.

ही रीत दादाने पाडली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शिकाऊ असताना त्याने बिट आणि बाइट एकच धरले आणि तासाभराचं काम सांगून एका गिऱ्हाइकाला आठ तास बसवून ठेवलं. तेव्हापासून शहाणा झाला. दोन वर्षांपूर्वी तो तापाने गेला. आता त्याच्या खुर्चीवर मी बसते. फळ्याची डावी बाजू भागाकारकाकांची. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटात सापडतं.

गेल्या महिन्यात आई म्हणाली, "त्याचा चेहरा रोज दिसतो गं. आवाज मात्र आठवेनासा झालाय."

ती रडली नाही, भांडी पुसत राहिली. घरात फोटो ढीगभर, आवाज एकही नाही. मग आठवलं, दादाला कामाच्या नोंदी लिहायचा कंटाळा. तो त्या माइकवर बोलून ठेवायचा. त्या नोंदींची डिस्क ऑफिसच्या कपाटात तळाशी सापडली.

काकांनी ती कानाशी धरून हलवली. "एकदाच फिरेल," म्हणाले. "बेअरिंग गेलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला फळा पुसला. डिस्क छत्तीस गिगाबाइटची, तिची जोडणी सेकंदाला चाळीस मेगाबाइटची. फायबर तिच्यापेक्षा कितीतरी जलद, त्याची चिंता नव्हती. दोन्ही बाजूंना पंधरा मिनिटं आली. काकांनी बटण दाबलं.

सहाव्या मिनिटाला डिस्क खरवडल्यासारखी वाजली आणि थांबली. नोंदींचा फोल्डर सगळ्यात शेवटी होता. त्यातलं काही म्हणजे काही आलं नव्हतं. हातातोंडाशी आलेला घास गेला. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, अगदी आवाज करून. काकांनी डिस्कची वीज काढली, माहिती वाहणारी चपटी केबल उपटली आणि माझ्यापुढे पाणी ठेवलं.

"वेग बघ," ते थोड्या वेळाने म्हणाले.

पडद्यावर शून्य हवं होतं. सेकंदाला आठ किलोबाइट येत होते, आणि नव्या साठवणीत एक फाइल वाढत होती.

"मागे अडकलेलं काही येत असेल," मी म्हटलं.

"इतका वेळ?"

त्यांनी फळा पुसला. सवयच ती. ते डावीकडे, मी उजवीकडे. आठ किलोबाइट म्हणजे आठ गुणिले आठ, चौसष्ट किलोबिट. दोघांचं जुळलं. काका पेन धरून तसेच उभे राहिले. तरुणपणी ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते.

"हा फोनचा वेग," ते म्हणाले. "एका माणसाच्या बोलण्याला एवढाच लागतो. ना कमी, ना जास्त."

मग त्यांनी शेजारचा आकडा दाखवला. आमच्याकडून डिस्ककडे जाणारा वेग. तोही आठच. केबलचं मोकळं टोक टेबलावर पडलं होतं.

त्यानंतर आम्ही दोघं हळू बोलायला लागलो.

मी फाइल उघडून हेडफोन लावला. पंख्यांची घरघर. मग दादा, सर्दी झाल्यासारखा, नेहमीचाच. "डिस्क चालू. वेग चाळीस. वेळ पंधरा मिनिटं."

तो थांबला.

"कोण रडतंय?"

मी हेडफोन काकांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं आणि यंत्राचं मुख्य बटण बंद केलं. मला विचारलंसुद्धा नाही.

फाइल अकरा मिनिटांची भरली. मी ती तीनदा ऐकली. त्या प्रश्नापुढे शेवटपर्यंत नुसते पंखे होते.

संध्याकाळी आईला एवढंच सांगितलं, की दादाचा आवाज मिळाला. तिला हेडफोन लावून दिला. प्रश्नाच्या आधी फाइल थांबवायची ठरवलं होतं, पण गॅसवर दूध चढलं होतं म्हणून आत गेले. उतू गेलेलं पुसून, शेगडी धुऊन परत आले तेव्हा आई बोलत होती.

"हो रे, जेवते ना वेळेवर."

ती थांबली. ऐकलं. हसली.

"गुडघ्यांचं काय, चालायचंच."

पडद्यावर फाइल संपलेली होती. हेडफोनची पिन लॅपटॉपमधून निघून आईच्या मांडीवर पडली होती.

"आई," मी म्हटलं.

तिने हाताने मला थांबवलं. दोन वर्षांत तिचा चेहरा इतका सुखी मी पाहिला नव्हता. मी पिनेला हात लावला नाही.

"छोटे," ती म्हणाली, "तो विचारतोय, फळ्यावर दोघांचं जुळलंय, मग बटण का बंद ठेवलंय?"